रांगेतला धोंडा

डिचोलीतल्या आमच्या ट्रकमालक संघटनेत कॉम्प्युटर कळणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. हे मी सांगत नाही, माझ्या टेबलावरच्या पाटीवर तसे लिहिले आहे. पाटी मीच करून घेतली, तो भाग वेगळा.

मी येण्यापूर्वी इथे काय होते? धोंडे! खाणीवरचे खनिज मुरगावला न्यायला रोज साठ ट्रक लागतात आणि यादीत ट्रक दीडशे. मग प्रत्येक मालक आपल्या ट्रकचा नंबर रंगवलेला धोंडा ऑफिससमोर रांगेत ठेवायचा. पुढचे साठ आज जायचे, राहिलेले उद्या पुढे सरकायचे. एकविसाव्या शतकात हे? मी आल्या आल्या सगळे धोंडे उचलून बागेच्या कडेला लावले आणि त्यांना पांढरा रंग मारून घेतला.

"आता सकाळी सहाला फोनवर बटण दाबायचं," मी अध्यक्ष जयवंतबाबना सांगितले. "फोन थेट आपल्या डेटाबेसला भिडणार. पहिले साठ आत."

"आनी कटकट जाली तर?"

"मी आहे ना."

शिवाय मोठ्या हौसेने मी एक नियम घातला. सलग पंधरा दिवस नंबर न घेणारा ट्रक यादीतून आपोआप बाद. यादी कशी स्वच्छ राहते!

पहिल्याच दिवशी शेवंतीमावशी टेबलापाशी आली. ती मूळची सावंतवाडीकडची. नवरा गेल्यापासून त्याचा एकुलता ट्रक ड्रायव्हर ठेवून तीच चालवते.

"निलेश, माका नंबर गावलो नाय रे. नुसता चाक फिरता फोनात."

"मावशी, मशीन त्या आतल्या खोलीत आहे. घरून कशाला दाबता? इथे ओसरीवर येऊन बसा. वायफाय फुकट आहे, जवळून लवकर पोचतं."

यात शास्त्र थोडे होते आणि तोरा जास्त. पण मावशी दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच येऊन आतल्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसली. तिला पाहून बाकीचेही आले. चार दिवसांत पार साखळी गावापासूनची माणसे ओसरीवर मावेनात. एकेका ट्रकमागे भाऊ, भावजय, भाचा असे चार-चार फोन!

आणि सहा वाजले की ओसरीवरच्या सगळ्यांच्या फोनवर चाक. दोघातिघांना नंबर मिळायचा, बाकीचे हात चोळत बसायचे. मावशीचा फोन जुना, तिची पाळी येईपर्यंत साठ नंबर संपलेले असत.

मी निदान केले: उंदीर. केबल बदलली. काही फरक नाही. मग निदान केले: मेमरी कमी. ती वाढवली. तरी चाक. मग ओसरीवर आणखी जोरदार वायफायचा डबा बसवला, तर आणखी तीस माणसे आली. शेवटी मी जाहीर केले, "थांबू नका, बटण दाबत राहा." त्या दिवशी दोघांनासुद्धा नंबर मिळाला नाही.

गंमत म्हणजे जयवंतबाब घरी अंथरुणात पडल्या पडल्या बटण दाबायचे आणि त्यांचा नंबर हमखास लागायचा. मग व्हायचे तेच झाले. "सेटिंग आसा!" ओसरीवरून कुणीतरी ओरडले आणि माझी पाटी अंगणात जाऊन पडली.

मावशी भांडली नाही. रोज जाताना फक्त विचारायची, "आज कितवो दिवस रे?"

"नववा. काळजी करू नका."

मग अकरावा, मग तेरावा. मी रोज तेच सांगत होतो. मला स्वतःची लाज वाटायला लागली होती, पण कबूल कुणापाशी करणार?

सोळाव्या सकाळी आमची क्लार्क साक्षी म्हणाली, "सर, काल माझं वायफाय चुकून बंद होतं. फोनच्या नेटवरून आमच्या घरच्या ट्रकचा नंबर एका दणक्यात लागला."

मी सर्व्हरपाशी बसून येणाऱ्या जोडण्यांचे नियम उघडले. तिथे लिहिले होते: एका पत्त्यावरून मिनिटाला दहाच जोडण्या घ्याव्यात, बाकीच्या उत्तर न देता टाकून द्याव्यात. ओसरीवरचे सगळे फोन वायफायच्या एकाच डब्यातून, म्हणजे एकाच पत्त्यावरून येत होते. सर्व्हरच्या लेखी ती शंभर माणसे नव्हतीच, एकच माणूस वेड्यासारखा दार ठोकत होता. टाकून दिलेल्या जोडण्यांचा आकडा चाळीस हजारांवर गेला होता. जो जवळ बसला, तो गेला. नियमाशेजारी शेरा होता: 'चाचणीच्या वेळी बाहेरून त्रास, म्हणून तात्पुरते. निलेश.'

नियम पुसायला अर्धे मिनिट लागले. मग यादी उघडली. मावशीचा ट्रक त्यात नव्हता. माझ्या पंधरा दिवसांच्या नियमाने मात्र आपले काम चोख बजावले होते.

मी धावत जयवंतबाबकडे गेलो. "चूक माझी आहे. मावशीचं नाव परत घालूया."

"खंय घालतलो? यादी दीडशेची," ते म्हणाले. "ती जागा म्हज्या भाच्याक दिली सकाळीच. आनी तुज्या चुकीचें तुका कोणे विचारलां? वोगी राव."

आणि मी गप्प राहिलो.

रविवारी संघटनेने माझा सत्कार केला. शाल, नारळ, 'क्लिष्ट तांत्रिक दोष शोधून काढल्याबद्दल'. दोष कुणाचा, हे कुणी विचारले नाही. मावशी मागच्या खुर्चीवर होती. कार्यक्रम संपल्यावर जवळ आली.

"काय मोडलेला रे ता?"

"तांत्रिक अडचण होती, मावशी."

"तू सांगलंस म्हणान भिंतीक लागान बसलंय मी." ती रागावलेली नव्हती, तेच वाईट. "आमच्या ह्यांचो धोंडो बारा वर्सां ह्या दारात होतो. पावसात पण तेका कोणी हलवक नाय. तो खय ठेवलंस? घराक नेतंय."

मी शाल सावरत तिला बागेपाशी नेले. कडेने दीडशे धोंडे एका ओळीत होते, सगळे पांढरे. मावशी एकेकापुढे वाकून बघत चालली आणि मी तिच्या मागून नारळ धरून.