सुरू होण्याआधी सांगा

गहिनीनाथ नाना हॉटेलात शिरण्याआधी दारातूनच ओरडतात, "दोन चहा, त्यातला माझा बिनसाखरेचा, आलं ठेचून!" आत बसून ऑर्डर दिलेली त्यांना चालत नाही. "पातेलं चढल्यावर सांगून काय फायदा? सुरू झाल्यावर कोण ऐकतंय बे?" रिक्षावाल्यालाही ते रिक्षात पाय ठेवण्याआधी सगळी वळणं सांगून टाकतात. त्या बिचाऱ्याचा घराचा पत्ता विचारायचा राहूनच जातो.

बीडच्या बसस्टँडमागे आमचं छोटं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही प्रोग्राम लिहितो. नाना वयानं सगळ्यांत मोठे, आणि त्यांचा जीव ट्रेसमध्ये. ट्रेस म्हणजे प्रोग्रामनं स्वतःच लिहिलेली डायरी: अमुक कामात शिरलो, अमुक कामातून बाहेर पडलो. ती लिहिणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड, तयार मिळते. डायरी लिहायची की नाही, किती बारीक लिहायची, कोणत्या फाइलमध्ये, हे प्रोग्रामला हात न लावता बाहेरून ठरवता येतं. त्यासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतात. दारावर चिकटवलेल्या चिठ्ठ्याच म्हणा ना. प्रोग्राम सुरू होताना त्या एकदा वाचतो, मग दाराकडे ढुंकूनही बघत नाही.

मी नवा होतो तेव्हा चालू प्रोग्रामला अशी चिठ्ठी लावून तासभर डायरीची वाट बघत बसलो होतो. नाना मागे उभे राहून शेंगदाणे खात होते. शेवटी म्हणाले, "गाडी गेली. आता ष्टँडवर हात हालवून काय उपयोग? बंद कर, चिठ्ठी लाव, मग सोड."

"मग तासभर गप्प का बसलात?" मी चिडलो.

"तू बी सुरू झालतास."

एकदा तेलगावकडच्या एका केंद्रावर नानांनी ट्रेस सगळ्यांत बारीक करून ठेवला आणि बंद करायचं विसरले. डायरीनं डिस्क काठोकाठ भरली, प्रोग्राम बसला, आणि सकाळी माणसं दुधाचे कॅन घेऊन ताटकळली. केंद्रवाल्यानं फोनवर नानांचा यथेच्छ उद्धार केला. नाना मोटरसायकलवरून गेले, डायरी चाळली, जागा मोकळी केली आणि दुपारी हसत परत आले. "घावलं! छपाईत शिरतोय अन् बाहेरच येत न्हाई. म्हणून पावती अडकतीय." महिनाभर आम्हा सगळ्यांना चकवणारी चूक होती ती. माफीबिफीचं नाव नाही. "कोण कुठं शिरलंय अन् बाहेर आलंय का, एवढं कळलं की जीव थाऱ्यावर राहतो."

घरी नाना आणि मुलगी शीतल, दोघंच. बायको जाऊन सहा वर्षं झाली. यंदा शीतलला पुण्यात नर्सची नोकरी लागली. मला वाटलं, आता पोरीच्या मागे सूचनांचा सपाटा लागणार. पण आठ दिवस नाना मुके झाले.

निघायच्या दिवशी मीही सामान घेऊन स्टँडवर गेलो. नानांनी कंडक्टरला बॅग कुठं ठेवायची ते सांगितलं, ड्रायव्हरला पुढच्या रस्त्यातले खड्डे सांगितले. पोरीशी मात्र एक शब्द नाही. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा केळी घेऊन आले. मग बस हलली, आणि एकदम नाना बसबरोबर पळायला लागले. "शीतल! परतेक ष्टँडला मेसेज कर! आत शिरली की एक, बाहेर निघाली की एक!" इंजिनाचा आवाज मोठा, काच बंद. शीतलनं हात हलवला. बस फाटकातून बाहेर पडली.

मी त्यांना समोरच्या हॉटेलात नेलं. दारात ते काहीच बोलले नाहीत. गोड चहा आला, तो मुकाट्यानं प्यायला लागले.

"आठ दिवस सांगायचं म्हणत होतो रे. तोंड उघडलं की रडू येतंय असं वाटायचं."

"ऐकलं असेल तिनं."

"सुरू झाल्यावर कोण ऐकतंय?"

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा हसलो होतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी दुसरा चहा सांगितला. तोही गोडच आला. अर्धा तास असाच गेला.

मग नानांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि फोन माझ्यापुढे धरला. वाटेवरच्या पहिल्याच स्टँडवरून शीतलचा मेसेज होता: "मांजरसुंबा. आत."

नाना हलले नाहीत. कप हातात तसाच. पाचेक मिनिटांनी दुसरा आला: "मांजरसुंबा. बाहेर. पप्पा, चहात साखर घेऊ नका."

नानांनी कप खाली ठेवला. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. आणि बसल्या जागेवरूनच, चुलीवर पातेलं उकळत असताना, हॉटेलवाल्याला म्हणाले, "दादा, एक बिनसाखरेचा करता का?"