चढावरचे पाच टक्के

माझी गाडी नुसती उभी राहत नाही, उभ्या उभ्या वीज देते, असं मी भेटेल त्याला ऐकवत असे. ऊर्जा खात्यात नोकरी माझी, आणि योजनाही आमच्याच खात्याची. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात आणि विजेची ओढाताण होते. त्या वेळी उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी आपल्या बॅटरीतली वीज परत द्यायची आणि मागणी उतरली की पुन्हा भरून घ्यायची. स्वतःसाठी किती राखायची, ते मालकाने ठरवायचं. खात्यातल्या शहाण्या लोकांनी निम्मी राखली. मी पाच टक्के! शिवाय इमारतीतल्या सगळ्या गाडीवाल्यांच्या मानगुटीवर बसून त्यांनाही योजनेत ओढलं होतं.

त्या दिवसांत माझी मेहुणी आमच्याकडे राहत होती. तिचे दिवस भरत आले होते, साडू कामासाठी परगावी आणि हॉस्पिटल आमच्या घराजवळच्या टेकडीवर. सोबतीला सासूबाई होत्या. साडूंना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, गाडी दारात उभी आहे, काळजी सोडा. गाडी दारात उभी होती, यात खोटं काहीच नव्हतं.

एका संध्याकाळी उकाड्याने जीव नकोसा झालेला. मेहुणी भिंत धरून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजी, निघायला हवं."

मी खाली धावलो, केबल उपसली आणि आकडा बघितला. पाच.

अँब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्याच रुग्णाला घेऊन निघाली होती. टॅक्सी मिळेना. शेजाऱ्याचं दार वाजवलं. त्याने फोनवर आपल्या गाडीचा आकडा दाखवला. पाच. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे सहा निघाले. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास नसावा. आणि त्या होत्या दातांच्या डॉक्टर.

निघालो. एसी बंद, गाणी बंद, पाय अगदी हलका. माझी नजर रस्त्यावर राहावी म्हणून आकडा वाचायचं काम बायकोकडे दिलं. गाडी जुनी, बॅटरी थकलेली. पहिला चौक ओलांडला आणि बायको म्हणाली, "चार." मागे सासूबाई मेहुणीचा हात धरून बसल्या होत्या.

तेवढ्यात मेहुणीचा फोन वाजला. साडू होते. तिला बोलवेना, म्हणून सासूबाईंनी घेतला. विचारलं तेवढंच उत्तर देण्याचा त्यांचा स्वभाव. साडूंनी विचारलं, कसं काय आहे? त्याच क्षणी बायको म्हणाली, "तीन."

"तीन टक्के," सासूबाईंनी सांगितलं. "मघाशी पाच होते. आता पुढे अवघड आहे, टिकेल असं वाटत नाही. जावईबापू प्रयत्न करताहेत."

इतक्यात मेहुणीला जोराची कळ आली, ती ओरडली आणि सासूबाईंनी फोन बाजूला टाकला.

चढ लागला. समोरच्या पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं आणि गाडी खरोखरच कासव झाली. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. जाता जाता त्याने वाकून आत बघितलं. कळा जवळजवळ येऊ लागल्या होत्या. स्टिअरिंगवर माझे हात घामाने घसरत होते. या रस्त्यावरच काही झालं तर, हा विचार डोक्यातून जाईना.

"मी उतरून चालू का?" मेहुणीने विचारलं.

मी क्षणभर विचार केला. तो माझ्या चेहऱ्यावर बायकोला दिसला. तिने माझ्याकडे जे बघितलं, त्याने गाडी आणखी थोडी पुढे गेली असावी.

हॉस्पिटलचं फाटक दिसायला लागलं आणि गाडी थांबली. मी आणि बायको उतरून ढकलू लागलो. ते बघून पहारेकरी चाकाची खुर्ची घेऊन धावत आला आणि मेहुणीला आत नेलं. मग बाकावर बसून नुसती वाट बघणं. दार उघडून नर्स हसत बाहेर आली, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप.

बायको साडूंना सारखा फोन लावत होती, ते उचलेनात. काय ऐकावं लागेल या भीतीने उचलला नाही, हे नंतर कळलं.

मी खाली येऊन पहारेकऱ्याच्या मदतीने गाडी चार्जरपाशी नेली. केबल जोडली, तर चार्जरने नकार दिला. सध्या विजेला मागणी जास्त आहे, सहकार्याबद्दल आभार, असं लिहून आलं. वाक्य माझ्याच खात्याचं होतं. मी चेहरा पाडून त्याच्याकडे बघत उभा होतो, तोच आपल्या साहेबाकडून गाडी मागून आणलेले साडू धावत आले. डोळे लाल, शर्ट घामाने चिंब. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले.

"आता किती?"

"शून्य," मी पडद्याकडे बघत म्हणालो. "संपलं सगळं. सकाळी टेम्पो बोलावून उचलून न्यावी लागेल."

साडू उभ्याचे आडवे झाले. पडता पडता चार्जरचा कोपरा कपाळाला लागला.

मेहुणी आणि बाळ ठरल्या दिवशी घरी आली. साडूंना मात्र टाके पडल्यामुळे एक दिवस जास्त ठेवून घेतलं.