गार्गीच्या शाळेपायी शहरी बिऱ्हाड केले, त्याची हकिकत

श्रीगणराय समर्थ. कुलस्वामिनीस दंडवत घालून, कानी आले आणि डोळां पाहिले तेवढेच लिहितो. पदरचे घालीत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी, ते समयी नदीकाठच्या एका लहान कसब्यात विलासराव हिरवे, धंदा शिवणकामाचा, आणि त्यांचे कुटुंब शैलाबाई, सरकारी दवाखान्यात परिचारिका, हे आपले तिघांचे राज्य राखून होते. तिघांतली तिसरी त्यांची एकुलती कन्या गार्गी, वय वर्षे चार. तीस जन्मापासून ऐकू येत नव्हते. कानास यंत्र बसविले, परंतु वाचा फुटली नव्हती. आणि मोठ्या डॉक्टरांनी निक्षून सांगितले की, "शहरात अशा मुलांची शाळा आहे, जूनमध्ये तीत घाला. पाच वर्षे उलटली की दरसाल काम कठीण होत जाईल." शाळेने जागा दिली, परंतु नेम ऐसा की रोज दोन तास आईने किंवा बापाने वर्गात पोरीशेजारी बसावे. शहर साडेतीन तासांच्या वाटेवर. सबब तेथे भाड्याचे घर करणे प्राप्त जाहले.

मग मसलतीस बसले. विलासरावांचा मनसुबा ऐसा की आईने पोरीस घेऊन जावे आणि आपण कसब्यात राहून दुकान चालवावे, कारण लहान लेकरू आईपाशीच राहते ऐसी जगरहाटी. तेव्हां कापड बेतायच्या टेबलावर खडूने जमाखर्च मांडिला. भाडे साडेनऊ हजार, अनामत पन्नास हजार, टेम्पो सहा हजार, शिवाय दूध, गॅस, वीज, कानाच्या यंत्राचे सेल. आणि शैलाबाईंनी बिनपगारी रजा घेतली तर जमेस विलासरावांचे बारा हजार, तेही लग्नसराईत. मांडिले आणि पुसले, पुन्हा मांडिले. दूध कमी केले, टेम्पो रद्द केला, तरी मेळ बसेना. मग विलासराव उठून दारापर्यंत जात, परत येत, आणि खडू घेऊन तेच आकडे दुसऱ्या कोपऱ्यात लिहीत. बाईंनी शहरी बदलीचा अर्ज केला, त्यास दोन वर्षे जागा नाही ऐसा जबाब आला. ऐसे आठ दिवस गेले. बाईंनी भांडी पोत्यात भरावी आणि सायंकाळी चहाचे पातेले पाहिजे म्हणून पोते सोडावे. कोणास चैन नाही.

नववे दिवशी शैलाबाई दवाखान्यातून आल्या त्या चपला न काढता दुकानात शिरल्या आणि बोलल्या, "अहो, हिशेब चुकत नाहीये. माणूस चुकतंय. पगार माझा चौतीस हजार आहे. तुम्ही जा."

विलासराव म्हणाले, "मी? पोरीला घेऊन?"

"मशीन कुठेही चालते तुमची. माझा दवाखाना उचलून नेता येत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक वर्गात बसणार आहेत का दोन तास?"

मग विलासरावांनी शिवणाची मशीन ठेवून पिकोफॉलची विकली, बाईंनी साठविलेले त्यात घातले, अनामत उभी केली, आणि विलासरावांची स्वारी एकटी शहरास कूच करिती जाहली. दलालाने तीन घरे दाखविली आणि तिन्ही ठिकाणी एकच सवाल की बाई कोठे आहे, आणि ती गावी ऐसे ऐकताच घर नुकतेच गेले म्हणून दार लावून घेतले. शाळा उघडण्यास अकरा दिवस उरले. चौथे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, मालतीबाई गद्रे यांचे. त्या म्हणाल्या, "पुरुषमाणूस, पदरी एवढीशी पोर. उद्या तापली तर काय कराल?"

"अंग पुसीन, औषध देईन आणि तिच्या आईला फोन लावीन."

"स्वयंपाक?"

"भात येतो. पोळी वेडीवाकडी होते, पण कच्ची राहत नाही."

"मग आईच का येत नाही?"

आधीच्या तिन्ही घरी त्यांनी रजेची, आजाराची कारणे सांगितली होती. येथे विलासराव खाली न पाहता बोलले, "तिच्या पगारावर हे घर मागायला आलोय, ताई. माझ्या कमाईत दोन घरं चालत नाहीत."

मालतीबाईंनी फोन मागून घेतला आणि शैलाबाईंस विचारिले, "अहो, चार वर्षांची पोर. तुम्ही राहाल कशा?" पलीकडून शैलाबाई म्हणाल्या, "ते मला विचारू नका. घर द्या." मालतीबाईंनी किल्ली दिली आणि भाडे पाच तारखेस, एवढेच बोलल्या.

पुढे बिऱ्हाड जाहले. शैलाबाई दर शनिवारी दुपारच्या गाडीने येत आणि रविवारी परत जात. जाते वेळी पोर निजली तर बरे, जागी राहिली तर कठीण. आश्विनात एके शनिवारी त्या दारात पिशवी ठेवितात तो गार्गी जिन्यात पडली, गुडघा फुटला, आणि रडत उठून आईस ओलांडून विलासरावांकडे धावली. विलासराव पोरीस म्हणाले, "आईकडे जा, आई आलीय बघ."

शैलाबाई बोलल्या, "नका पाठवू. ज्याच्याकडे गेली तिथं रडू द्या." आणि पाठ फिरवून पिशवीतले डबे काढू लागल्या, एक डबा दोनदा काढिला, दोनदा ठेविला.

रडे सरल्यावर कन्या आपण होऊन आली, आईच्या मांडीवर बसली, गुडघ्यास बोट लाविले आणि स्पष्ट बोलली, "बाऊ."

शैलाबाईंनी विलासरावांकडे पाहिले. ते म्हणाले, "चार दिवस झाले बोलतेय. फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, तू तुझ्या कानांनी ऐक."

येणेप्रमाणे एका घराची दोन जाहली, आणि कन्येस वाचा फुटली. बदली अद्याप आली नाही. वर्तमान कळले तितके लिहिले. अधिक लिहिण्यास आधार नाही.