दहापैकी सात

"पापा, दहा वेळा तेहो फेकलात तर तो नेमावर किती वेळा लागतो?"

शनिवारी सकाळी माझ्या मुलीनं, यामिलेनं, वही उघडून विचारलं. मी अरेपाचा, म्हणजे मक्याच्या भाकरीचा, तुकडा कॉफीत बुडवत होतो. बुडवता बुडवता म्हणालो, "सात."

(खरं म्हणजे महिन्यातून दोनदा लागतो. त्यातला एक शेजारच्या चौकटीत.)

चुलीपाशी माझ्या बायकोला, लुदिवियाला, ठसका लागला.

"काय झालं, मम्मा?"

"काही नाही गं. सात जरा मोठा होता, घशात अडकला."

मी सोगामोसो शहरात नोटरीच्या कचेरीत कारकून. बावीस वर्षं दर शुक्रवारी न चुकता मैदानावर जातो. तेहो म्हणजे लोखंडी चकती; ती उचलायची, एकोणीस मीटरवरच्या ओल्या मातीच्या चौकटीत फेकायची, आणि मातीतल्या दारूच्या पुडीवर ती आदळली की धडाम! (ही उडवायची दारू. प्यायची कडेला ठेवलेली असते, आणि तिच्यावरचा माझा नेम आजवर चुकलेला नाही.)

यामिले इलेक्ट्रॉनिक्स शिकते. घरच्या घरी तेहोचा सराव करता यावा असं यंत्र तिला बनवायचं होतं. मातीखाली धक्का ओळखणारा सेन्सर, आणि दारूच्या धडाक्याऐवजी लाल दिवा आणि पिपाणी. दोन महिने ती तारांत गुंतलेली होती. सोमवारी प्राध्यापकांपुढे सगळी योजना मांडायची होती, आणि त्यासाठी एका अनुभवी खेळाडूच्या शंभर फेकींची नोंद हवी होती. वहीत तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अनुभवी खेळाडू – पापा.'

ते वाचल्यावर खरं सांगायला फार मोठं काळीज लागतं. माझं मध्यम आहे.

"एकोणीस मीटर जागा आणणार कुठून?" लुदिवियानं विचारलं.

"पुढच्या दारापासून परसाच्या भिंतीपर्यंत बरोबर एकोणीस भरतात, मम्मा. मोजलंय मी."

"मधे माझं स्वयंपाकघर आहे."

"मधून फक्त चकती जाईल. पापांचे दहातले सात तर नेमावरच लागतात."

"आणि उरलेले तीन?"

मी चकती उचलली.

पहिली चकती परसातल्या मातीच्या चौकटीपर्यंत पोचलीच नाही. तिसरीनं सुपाच्या पातेल्याचा कान नेला. अकरावी व्हर्जिन मातेच्या तसबिरीला दोन बोटं राखून गेली. व्हर्जिन काही बोलली नाही, बायको बोलली. विसाव्या फेकीनंतर कोंबड्यांनी आपला मुक्काम छपरावर हलवला. दर फेकीनंतर यामिले टेप घेऊन धावायची, चकती नेमापासून किती लांब पडली ते मोजून लिहायची आणि दिव्याकडे बघायची. दिवा मख्ख.

पन्नास फेकी झाल्यावर ती म्हणाली, "पापा, सेन्सर बिघडलाय."

"मलाही तेच वाटतं," मी म्हणालो.

(अशी वाक्यं तोंडातून निघतात कशी, कोण जाणे.)

तिनं यंत्र खोललं, सगळे जोड पुन्हा डाग देऊन पक्के केले. रविवारी आणखी पन्नास फेकी. दिव्यानं डोळा उघडला नाही. शेवटी पोरगी तारा मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

"विषयच सोडते मी. उद्या सरांना सांगते, मला जमलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हिय्या केला. "यामिले, यंत्र नाही गं बिघडलं. ते काय आहे ना…"

"काय?"

"…हवा दमट आहे."

एवढ्यात लुदिविया आतून हात पुसत आली. कान गेलेलं पातेलं तिनं माझ्या हातात दिलं आणि माझ्या हातातली चकती घेतली. "सरका."

पुढच्या दाराशी उभी राहिली, हात मागे नेला आणि सोडली. चकती स्वयंपाकघरातून एखाद्या पाहुण्यासारखी अदबीनं गेली, कशालाही न शिवता. परसात लाल दिवा लागला. पिपाणी वाजली.

"मम्मा! कुठं शिकलीस?"

"माझ्या वडिलांचं मैदान होतं ना. लग्न झालं तेव्हा सोडलं. म्हटलं, यांना उगीच वाईट वाटायला नको."

आता लपवण्यासारखं राहिलंच काय? मी पातेलं छातीशी धरून म्हणालो, "सात नाही, बाळा. दहापैकी शून्यच धर. शंभरापैकीसुद्धा."

आता रडणार, असं वाटलं, तर तिनं येऊन मिठीच मारली. "पापा, म्हणजे यंत्र चालतं!"

(बाप चालत नाही, ही तिच्या लेखी किरकोळ बाब होती.)

रात्री जेवायच्या आत मम्माच्याही शंभर फेकी नोंदवून तिनं योजना नव्यानं लिहिली. अनुभवी खेळाडू – मम्मा. मी नवशिक्यांच्या रकान्यात, माझ्या बावीस वर्षांसह आणि शंभर फेकींसह.

सोमवारी ती तोंड पाडून घरी आली. प्राध्यापक सिफुएन्तेसनी माझे आकडे बघून वही मिटली होती. "बावीस वर्षं खेळणारा माणूस आणि शंभरात एकही नाही? असा माणूस असूच शकत नाही. हे आकडे तू घरी बसून रचलेस."

"सर, माणूस खरा आहे."

"मग उद्या घेऊन ये."

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी गेलो. कॉलेजच्या आवारात मातीची चौकट मांडलेली, तिच्याखाली यंत्र, भोवती सगळा वर्ग. यामिले माझ्या कानाशी आली. "पापा, काही वेगळं करू नका. फक्त नेहमीसारखं फेका."

पण माझ्या मनात पाल चुकचुकली. महिन्यातून एकदा लागणारा नेम नेमका आज लागला तर? पोरीचं वर्ष जायचं. धोका नको. चौकटीच्या डाव्या अंगाला एक निळं पिंप उभं होतं. मी त्या पिंपावर नजर रोखली आणि लेकीसाठी जीव ओतून चकती फेकली.

दिवा लागला. पिपाणी वाजली. वाजतच राहिली.

यामिलेचा चेहरा पांढराफटक पडला. सिफुएन्तेसनी चष्मा काढला. "लागला की!"

"नाही सर," मी घाम पुसत म्हणालो, "मी तिकडे फेकलाच नव्हता."

"मग कुठं फेकला होता?"

"त्या निळ्या पिंपावर."

त्यांनी पिंपाकडे बघितलं. चौकटीकडे बघितलं. मग यामिलेच्या हातातली टेप घेऊन पिंपापासून चकतीपर्यंतचं अंतर स्वतः मोजलं आणि वहीचं शेवटचं पान उघडलं.

"एक मीटर सत्तर," ते म्हणाले. "शंभर फेकींची सरासरी चूक, एक मीटर बाहत्तर." आणि खिशातून पेन काढून त्यांनी योजनेवर सही केली. "आकडे अस्सल आहेत, मुली. वडिलांना जप."