अकरा ठिपक्यांचा रिव्हर्स

शैलजा हुक्किरे यांच्या पांढऱ्या गाडीवरच्या दोनशे बारा तांबूस ठिपक्यांना टोपेवाडी ग्रामपंचायतीने सोमवारी रहिवासी दाखले दिले.

शैलजाताईंना हे कळलं ते मंगळवारी, रियाज मुल्लाच्या गाड्या धुवायच्या शेडमध्ये. ताई बायकांना गाडी चालवायला शिकवत. बारा वर्षं त्यांचा वर्ग चालू होता आणि गाडी ही एकच. शुक्रवारी आरटीओत तिची तपासणी होती. गंजलेली गाडी शिकवणीसाठी पास होत नाही, म्हणजे शुक्रवारपासून वर्गच बंद.

"हा गाडीचा गंज नाही, ताई," बोनेटवरून पालथा हात फिरवत रियाज म्हणाला. "तुमच्या घरासमोर फौंड्री आहे. तिथला लोखंडाचा बारीक कीस उडतो, रंगात रुततो आणि जागच्या जागी गंजतो. माझ्याकडं औषध आहे. मारलं की ठिपका जांभळा होऊन वाहून जातो. उरलासुरला क्लेच्या, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ गोळ्यानं घासून निघतो."

"मग काढ की."

"कसा काढू? राहती वस्ती आहे. दाखला काचेवर चिकटवलाय, बघा. आधी ग्रामपंचायतीतून भाऊसाहेबांचं पत्र आणा."

ताईंनी दाखला दोनदा वाचला. शिक्का खरा होता. त्यांना काही उमगेना, म्हणून त्या ग्रामपंचायतीत गेल्या.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी फाईल उघडली. "दसऱ्याला गाडीची पूजा केली होती?"

"दरवर्षी करते."

"हळदकुंकू कुठं लावलं?"

"बोनेटच्या मध्यावर. चष्मा घरात राहिला होता, पण मध्यावरच असेल."

"तिथं त्या दिवशी त्रेपन्न ठिपके होते. पंचनाम्यात आहे." भाऊसाहेबांनी पान वळवलं. "हळदकुंकू लावून ज्यांना आपण मानानं घेतलं, त्यांना औषध मारून घालवता येत नाही. बाकीचे त्यांचे नातेवाईक. सगळ्यांची संमती आणा, मी लगेच सही करतो."

"भाऊसाहेब, ते ठिपके आहेत."

"म्हणून तर एवढ्याशा जागेत भागलं त्यांचं."

घरी येऊन ताई बराच वेळ गाडीपाशी उभ्या राहिल्या. विषय कुठून काढावा ते सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, "ऐकताय का?"

"ऐकतोय की, बाई," पेट्रोलच्या झाकणाजवळचा एक मोठा ठिपका म्हणाला.

"तुम्हाला इथून निघावं लागेल. शुक्रवारच्या आत."

"निघतो. आमची कुठं ना आहे? पण बाई, दीड वर्ष झालं, आम्ही तुमच्या वर्गाला आहोत. एक खाडा नाही. क्लच हळू सोडा, मागच्याच्या हॉर्नवर रुसू नका, सगळं तोंडपाठ आहे. शिकून झाल्याचं सर्टिफिकेट तेवढं द्या. मोकळ्या हातानं गेलो तर चार लोक विचारतील, एवढे दिवस तिथं काय केलंत?"

हे ताईंना पटलं, आणि पटलं म्हणून त्या आणखी गोंधळल्या. भाऊसाहेब म्हणाले, देऊन टाका. रियाज म्हणाला, दोनशे बारा कागद तर आहेत, कोण बघतंय? पण परीक्षेशिवाय सर्टिफिकेट ताईंनी आजवर कुणाला दिलं नव्हतं. सख्ख्या नणंदेला त्यांनी तीनदा नापास केलं होतं आणि नणंद अजून त्यांच्याशी धड बोलत नव्हती.

गुरुवारी सकाळी सात वाजता मार्केट यार्डामागच्या मैदानात परीक्षा सुरू झाली. ताई डावीकडच्या सीटवर, हात मांडीवर ठेवून बसल्या. उजवीकडची सीट रिकामी होती.

"आरसा," ताई म्हणाल्या. आरसा वळला.

"पहिला गिअर."

गाडी सुटली. आठचा आकडा काढला, खुणेला मांडलेल्या विटांपाशी थांबली, मागे आली. मोठा ठिपका पास झाला. त्याच्यामागून दुसरा बसला. काहींचा क्लच दणके देत होता, पण नव्या बायकांचाही देतो, त्याचे ताईंनी दोन गुण कापले. दुपारी चारपर्यंत दोनशे एक जण पास झाले.

बोनेटच्या अगदी टोकावरचे अकरा मात्र रिव्हर्सला विटांवर गेले. एकेक करून अकराही.

"आम्ही पहिल्यापासून पुढंच बसलो, बाई," त्यांतला एक म्हणाला. "मागचं कधी दिसलंच नाही."

"सोडा ना," मोठा ठिपका हळूच म्हणाला. "उद्या तुमचीच तपासणी आहे."

ताईंनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं, पुन्हा काढलं. मग वहीत अकरा वेळा 'नापास' लिहिलं.

संध्याकाळी भाऊसाहेबांचं पत्र बघून रियाजने त्या अकरांवर कागदी टेप लावली आणि बाकीच्या गाडीवर औषध मारलं. दारांवरून जांभळे ओघळ उतरले. क्ले फिरवून त्याने वॅक्स चढवलं. "आता दर आठवड्याला धुवा, तीन महिन्यांनी वॅक्स करा, फौंड्रीसमोर उभी केली तर कव्हर घाला. घासणी लावू नका. नाहीतर पुढची तुकडी येऊन बसेल." सर्टिफिकेटं भाऊसाहेबांनी नव्या पत्त्यांवर टपालाने पाठवली.

शुक्रवारी आरटीओच्या आवारात इन्स्पेक्टरने दिवे बघितले, ब्रेक बघितले, गाडीला एक चक्कर मारली. बोनेटपुढे तो थांबला आणि वाकला.

"बाई, हे काय आहे?"

चिखल आहे, असं सांगता आलं असतं. "शिकाऊ आहेत," त्या म्हणाल्या. "अकरा जण. रिव्हर्स राहिलाय."

इन्स्पेक्टरने फॉर्ममधल्या गंजाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. खालच्या प्रशिक्षणार्थींच्या रकान्यात त्याने अकरा लिहिले.

"किती दिवस लागतील?"

"रोज अर्धा तास घेतला तर पंधरा."

त्याने सही केली, शिक्का मारला, कागद ताईंच्या हातात दिला.

"नुसतं आरशात बघून मागं घेतात, तिथंच चुकतं त्यांचं," तो म्हणाला. "त्यांना मान वळवायला शिकवा." आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.