रविवारचा रकाना

बाळंतपणाचा ड्यूटी चार्ट नववा महिना लागला त्याच दिवशी फ्रिजवर लागला. लावणारा घरधनी बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावायचा. कोण कुठल्या गाडीवर, कोण राखीव, हे तीनशे माणसांचं गणित तो चहा पिता पिता जमवत असे. त्याच्या लेखी बाळंतपण म्हणजे फार तर एक जादा गाडी.

खरं तर त्याला तारीख हवी होती. पहिली मुलगी पायाळू, म्हणून तेव्हा सिझर झालं होतं. मंगळवारी, दहा वाजता. दहा म्हणजे दहा! त्या वक्तशीरपणावर तो चार वर्षांनंतरही खूश होता. पण या खेपेला बायको अडून बसली होती.

"मागचा छेद आडवा आहे, खालच्या बाजूला आहे आणि हे बाळ सरळ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नॉर्मलचा प्रयत्न करायला हरकत नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ऑपरेशन. ती तयारी त्या ठेवणारच आहेत. फक्त कळा सुरू झाल्या की तडक यायचं, घरी बसून राहायचं नाही. जुन्या टाक्यांवर लक्ष ठेवावं लागतं."

"पण कळा सुरू कधी होणार?"

"ते बाळाला विचार."

"मग मंगळवारी दहा वाजता काय वाईट होतं?"

बायको म्हणाली, "तेव्हा मला पूर्ण भूल दिली होती. पोरीला आधी तुझ्या आईनं पाहिलं, बहिणीनं पाहिलं, तू पाहिलंस, तुझ्या डेपोतल्या चौघांनी पाहिलं. नाक बापाचं आहे हेसुद्धा ठरून गेलं होतं. माझा नंबर सगळ्यात शेवटी. फार लागलंय ते मला. या वेळी मला पहिलं पाहायचंय."

तो चार्ट करायला बसला. गाडी : बहीण. राखीव : शेजारचे काका. मुलीला सांभाळणे : आई. भरलेली बॅग, जुन्या ऑपरेशनच्या फाइलसकट : बहिणीच्या गाडीच्या डिकीत, कायमची.

पुढे तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी अकराला, बायको फ्रिजमध्ये दूध ठेवायला गेली आणि पहिली सणसणीत कळ आली. दार घट्ट धरून तिने डोळे उघडले तो समोर चार्ट. रविवारच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : साप्ताहिक सुट्टी.

"अरे, हे काय आहे?"

तो धावत आला आणि वाचून पांढरा पडला. "ऑफिसचा नमुना वापरला गं. त्यात रविवार असाच असतो."

"बाळाला कळवलं होतंस का?"

त्याने बहिणीला फोन लावला. "दादा, आज मला सुट्टी ना?" ती म्हणाली. "आम्ही सगळे धरणावर आलोय. दोन तास तरी लागतील परतायला."

"आणि बॅग?"

"डिकीत आहे की! अगदी सुरक्षित."

शेजारच्या काकांनी सुट्टी बघून चष्मा दुरुस्तीला टाकला होता. "चालवतो हवं तर," ते दारात भिंत चाचपत म्हणाले, "पण सिग्नल तुम्ही सांगा." अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला अर्धा तास, टॅक्सीवाला त्याहून जास्त. तेवढ्यात दुसरी कळ आली. तेव्हा त्याने हात आपोआप जायचा तोच नंबर फिरवला. "डेपो? राखीवला कोण आहे?"

डेपो गल्लीच्या मागेच होता. सहाव्या मिनिटाला बावन्न आसनांची रिकामी बस दारात उभी राहिली आणि मामा, म्हणजे डेपोतले सर्वांत जुने ड्रायव्हर, खिडकीतून ओरडले, "वहिनी, पुढच्या सीटवर बसा. धक्का लागू देणार नाही!"

सासूबाई नातीला घेऊन मागून चढल्या. "आज माझी ड्यूटी नाही," त्यांनी मुलाला ऐकवलं, "तरी येते."

मामांनी शब्द पाळला. बस लोण्यासारखी चालली होती. घरधनी बायकोसमोर, रस्त्याकडे पाठ करून उभा होता आणि घड्याळात बघून कळांमधलं अंतर वहीत टिपत होता. "सहा मिनिटं... आता साडेपाच..."

"दांडा धर," बायको म्हणाली.

"वहीत लिहितोय ना!"

पण मामा त्या रस्त्यावर सव्वीस वर्षं गाडी चालवत होते. बाजाराच्या थांब्यावर भाजीची पिशवी घेतलेल्या एका काकूंनी हात केला आणि मामांचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. बायको सीटला धरून होती, तिला काही झालं नाही. घरधन्याचं डोकं मात्र मागच्या लोखंडी दांड्यावर सणकून आदळलं. काकू चढल्या, रक्त पाहून किंचाळल्या, आणि आपला रुमाल त्याच्या डोक्याला दाबून थेट हॉस्पिटलपर्यंत आल्या.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. लोकांनी रक्ताने माखलेला माणूस पाहिला, त्याला आडवा केला आणि पळवत नेला. बायको चालत आत गेली. फाइल मागितल्यावर तिने पर्समधून झेरॉक्स काढून दिली. "चार्ट लागला त्याच दिवशी काढून ठेवली होती," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"डोक्याचा मार आहे," तिकडे त्याला सांगण्यात आलं. "सहा तास उठायचं नाही." तो उठू पाहायचा, नर्स निजवायची. डोळे मिटून तो देवाला एकच सांगत राहिला, की दोघंही धड राहू देत, वेळ काही का होईना.

चार वाजून काही मिनिटांनी बाळ झालं. नॉर्मल. रडणारा तो ओला चेहरा आधी आईच्याच छातीवर ठेवला गेला आणि तीही त्याच्याइतकीच रडली. मग सासूबाईंनी पाहिलं, मोठीने पाहिलं, धरणावरून धापा टाकत आलेल्या नणंदेने पाहिलं. मामांनी पाहिलं. भाजीच्या पिशवीवाल्या काकूंनी पाहिलं आणि नाक आईचं आहे हे ठरवूनही टाकलं.

सहा वाजता खोलीचं दार उघडलं. डोक्याला पांढरी पट्टी बांधून घरधनी उंबऱ्यात उभा होता.

"टाके किती?" बायकोने विचारलं.

"सात. तुला?"

"एकच." तिने त्याच्याकडे बघितलं. "तुझा नंबर शेवटचा लागला."

त्याने मान खाली घातली. "फार लागतं गं," तो म्हणाला. आणि बाळासाठी हात पुढे केले.

"थांब. टाक्यांवर ताण नको. आधी नीट बस," म्हणत ती पलंगावरून उतरली, आपल्या पायांनी चालत आली, आणि तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.