पुंडलिकनगरी पाण्याचा फळा फत्ते जाहला

सकळ मतदार, करदाते आणि नळधारक यांचे सेवेशी. पुंडलिकनगरी लोकशाही कैसी बळकट जाहली हे पुढिलांस कळावे, थोरांचे पराक्रम विसरले जाऊ नयेत, आणि जे त्या दिवशी घरी झोपले होते त्यांनी पुढे ‘आम्हीच केले’ ऐसे म्हणू नये, म्हणोन चार ठिकाणी चहा पिऊन आणि सहा ठिकाणी थापा ऐकून ही हकीकत निवडून लिहिली आहे.

शके १९४७, विश्वावसु संवत्सर, चैत्र मासी छत्रपती संभाजीनगरावर आणि तेथील पुंडलिकनगरावर उन्हाचा अंमल बसला. धरण दूर, नळास पाणी आठवे दिवशी. दिवस तरी ठरलेला. प्रहर कोणता, हे ब्रह्मदेवासही ठाऊक नसे. ठाऊक असे ते एक भिकनराव व्हॉल्वमन यांस. व्हॉल्व फिरविण्याची लोखंडी चावी त्यांचे खांद्यावर, सबब अर्धी वस्ती त्यांचे मुठीत. भिकनराव आदले दिवशी राजश्री नानासाहेब, जागरूक नागरिक मंचाचे तहहयात अध्यक्ष, यांस फोनवर वेळ कळवीत, आणि नानासाहेब आपले व्याह्यांस कळवीत, आणि व्याही समोरचे किराणा दुकानदारास, आणि मग बातमी तेथेच थांबे. बाकी रयतेने शेजारची मोटार घरघरली की समजून घ्यावे, ऐसा प्रघात होता.

नानासाहेबांचेच गल्लीत पत्र्याचे खोलीत दगडाबाई राहत. मूळ पिशोराकडच्या, घराणे मेंढरांचे. हल्ली औरंगपुऱ्यातील एका खाणावळीत पोळ्यांची सुभेदारी त्यांजकडे. नऊ वाजता तव्यावर हजर व्हावे हा करार. गेल्या चार पाळ्यांत दोनदा पाणी दहास आले, तेव्हा बाई तव्यावर आणि ड्रम कोरडे. दोनदा बाई पाण्यासाठी घरी थांबल्या, तेव्हा पाणी दुपारी चारास आले आणि कामाचा खाडा पडला. खाणावळीचे धनी बद्रीनाथशेट यांनी फर्मान काढिले की आणखी एक खाडा जाहल्यास तव्यावर दुसरी बाई येईल. ऐसा दोहींकडून वेढा पडला. पाणी धरावे तर भाकरी जाते, भाकरी धरावी तर पाणी जाते. बाईंचे चित्त फार कष्टी जाहले, परंतु मेंढरांमागे दहा कोस चालणाऱ्या घराण्यात खाली बसून रडण्याची चाल नाही.

ऐसियात प्रभाग कचेरीने ‘नागरिक सहभाग सप्ताह’ पुकारिला. धोरण रयतेस विचारून करावे ऐसा वरून हुकूम आला होता. रयतेने काय सांगावे तोही सोबतच जोडिला होता. साहेब विश्वजीतराव यांनी मोबाइलवर प्रश्नावली रवाना केली, तीत पुसिले की पाणीपुरवठ्याबाबत आपण समाधानी आहात, अतिसमाधानी आहात की परम समाधानी. दगडाबाईंचा फोन बटणांचा. त्यात समाधान उमटेना. मग दुपारचा तवा उतरवून बाई जातीनिशी सभेवर चालून गेल्या.

सभेस अकरा असामी जमले, पैकी चार कचेरीचेच. नानासाहेबांनी चौकास नाव कोणाचे द्यावे यावर पाऊण तास मसलत केली, आणि मग कमानीचे रंगावर केली, आणि मग साहेबांचे कार्यतत्परतेवर केली, आणि मग बिस्किटे फिरली. बिस्किटे संपली तैशा दगडाबाई उठल्या आणि बोलिल्या, “सायेब, ह्यो भिकन नानासायबाला फोनवर जी येळ सांगतो ना, तीच चौकात फळ्यावर लिव्हा. लई काय मागणं नाय माझं.”

नानासाहेबांस खोकला लागला. विश्वजीतरावांनी सूचना बहुत मोलाची म्हणोन गौरविली, आणि मोलाची आहे सबब तत्काळ अमलात आणिता येत नाही ऐसे फर्माविले. अर्ज तीन प्रतींत द्यावा, मग समिती नेमावी, मग समितीने फळा काळा की पांढरा याचा निवाडा करावा.

बाई चौथी शिकलेल्या. अर्ज स्वहस्ते लिहिला, गल्लीतील बासष्ट बायांच्या सह्या आणि अंगठे घेतले, आणि दर सोमवारी कचेरीवर स्वारी केली. पहिली प्रत आवक शाखेत गहाळ जाहली. दुसरी सापडली, परंतु तीवर कोणी चहा ठेविला होता. तिसरीस समितीने उत्तर दिले की फळा जुनाट दिसतो, ॲप करावे. बाईंनी चौथी प्रत दिली.

परंतु खरा गड भिकनरावांचा होता. त्यांस बाईंनी व्हॉल्वपाशीच गाठिले. भिकनरावांनी चावी टेकविली आणि मनातले सांगितले, “फळ्यावर लिव्हलं तर मला फोन कोण करंल, मावशी? आता निदान लोक नमस्कार तरी करतेत.”

बाई म्हणाल्या, “करतेत, व्हय. पर इतक्या वर्षांत त्या फोनवाल्यांनी तुला कधी पाणी इचारलं का? समद्या गल्लीला तू पाजतोस.” आणि पिशवीतली बाटली पुढे केली.

भिकनरावांनी बाटली रिती केली. कोणी विचारिलेच नव्हते, हे खरे होते आणि ते त्यांस फार लागले. मग ते फितूर जाहले, आणि समितीपुढे जाऊन म्हणाले की फळा द्या, लिहीन मी. लिहिणारा मिळाला, तेव्हा नाही म्हणावयास समितीपाशी कारण उरले नाही.

वैशाख मासी फळा चौकात उभा राहिला. उद्घाटनाचे आदले सांजेस भिकनरावांनी वळणदार अक्षरांत लिहिले, ‘उद्या सकाळी १०.१५ ते ११’. मग कचेरीच्या माणसांनी त्यावर साटिनचा पडदा घातला. कामावरून परतताना दगडाबाई पडद्याआधी पोहोचल्या आणि वाचून गेल्या. लगोलग बद्रीनाथशेटांस फोन केला, आणि दुसरे दिवशी सातासच तवा चढवून नवास उतरविला. बाकी गल्लीस पडदाच दिसला, आणि मातब्बरांनी उद्घाटनापूर्वी फळा वाचणे अप्रशस्त मानिले.

दहास मंडपी सारी गल्ली लोटली. दगडाबाईंस व्यासपीठावर खुर्ची दिली, शाल-नारळ सिद्ध ठेविले. विश्वजीतराव ‘जागरूक नागरिक’ या विषयावर बोलावयास उभे राहिले, आणि मग नानासाहेब उभे राहिले, आणि मंचाने फळ्यासाठी किती रक्त आटविले ते सांगू लागले. सव्वादहा जाहले. बाईंनी घड्याळाकडे पाहिले, खुर्ची मागे सारली आणि पदर खोचून चालत्या जाहल्या. भाषण सव्वाअकरापर्यंत चालिले. मग टाळ्यांचे गजरात पडदा सरला, आणि सर्वांनी एकदम फळा वाचिला.

घरोघर नळांतून वारा येत होता. नानासाहेबांनी मंडपातूनच भिकनरावांस फोन लाविला आणि हे काय, म्हणोन जाब पुसिला.

भिकनराव म्हणाले, “फळ्यावर लिव्हलं व्हतं, नाना.”

येणेप्रमाणे लोकशाही बळकट जाहली आणि फळा फत्ते जाहला. कचेरीचे अहवालात मोहिमेचे श्रेय मंचाचे नावे नोंदिले आहे, आणि दगडाबाईंचे नावापुढे ‘सत्कारास गैरहजर, नागरिकांचा सहभाग असमाधानकारक’ ऐसा शेरा आहे. त्या समयी बाई कोठे होत्या हे कोणी पुसिले नाही, सबब आम्ही लिहून ठेवितो. त्या नळापाशी होत्या, नळी धरून; दोन्ही ड्रम काठोकाठ भरले, आणि साडेअकरास त्या औरंगपुऱ्यात तव्यावर हजर होत्या.